कलप लावण्यापूर्वी एवढे वाचा

लग्नसराई आणि दिवाळी या दोन मोसमांत दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येतो. डोळ्यांच्या पापण्या सुजून बंद झालेल्या, कानांच्या पाळ्या लालभडक, कपाळाच्या कडेने बारीक फोड आणि मानेवरून ओघळणारी लस. सोबत आलेली मंडळी "काहीतरी चावलं असेल" किंवा "खाण्यात काही आलं असेल" असे सांगतात. मी विचारतो, "दोन-तीन दिवसांत केसांना काही लावलं होतं का?" क्षणभर शांतता पसरते आणि मग उत्तर येते, "हो, पण ते तर नेहमीचंच आहे."

केस रंगवणे ही आता शहरातल्या श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा सलूनच्या आरशाशेजारी रंगछटांचा तक्ता टांगलेला दिसतो. मुले कपाळावरची बट सोनेरी करून घेतात, बायका पार्लरमध्ये 'हायलाइट' मागतात आणि घरोघरी न्हाणीघरात कलपाची पुडी कालवली जाते. त्यात गैर काही नाही. माणसाला नीटनेटके दिसावेसे वाटते आणि ते निरोगी मनाचे लक्षण आहे. पण पाकिटावर लिहिलेले शब्द, सलूनमध्ये ऐकू येणारे शब्द आणि त्यांचा आपल्या कातडीशी असलेला संबंध बहुतेकांना ठाऊक नसतो. आजचा लेख त्यासाठी.

केसात रंग कुठे असतो?

केसाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाहेरून आत मुख्यतः तीन थर दिसतात. सर्वांत बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले पारदर्शक खवले असतात. हे केसाचे कवच. त्याच्या आत जाड गाभा असतो आणि केसाचा रंग व बळकटी या गाभ्यातच असते. मध्यभागी बारीक पोकळ मज्जा असते, तीही प्रत्येक केसात असतेच असे नाही.

गाभ्यातला रंग म्हणजे मेलॅनिन. त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळा. आपल्याकडच्या केसांत पहिला भरपूर असतो, पण दुसराही खाली दडलेला असतो. मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी थकल्या की नवा केस पांढरा उगवतो. एक पांढरा केस उपटला म्हणून शेजारचे पांढरे होत नाहीत, ती केवळ समजूत आहे. केस कधी पिकायचे हे बहुतांशी आनुवंशिकतेवर ठरते. मात्र विशीतच झपाट्याने केस पांढरे होऊ लागले तर ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता मला वारंवार आढळते.

कलपाचे चार प्रकार

पहिला तात्पुरता रंग. तो कवचावर नुसता बसतो आणि एका धुण्यात निघून जातो. दुसरा अर्धकायम. याचे रेणू लहान असल्याने ते खवल्यांच्या फटींतून थोडे आत शिरतात आणि साधारण सहा-आठ धुण्यांत फिके पडतात. तिसरा, सलूनमध्ये ज्याला 'डेमी' म्हणतात तो. त्यात सौम्य पेरॉक्साइड मिसळतात. तो पंधरा-वीस धुण्यांपर्यंत टिकतो, पण मूळचा काळा रंग फारसा उजळवत नाही.

चौथा कायमचा रंग. आपल्याकडे बहुतेक लोक वापरतात तो हाच. त्याची युक्ती गमतीशीर आहे. डबीत तयार रंग नसतोच, रंगाचा कच्चा माल असतो. अमोनियासारखा अल्कली पदार्थ केसाचे खवले फुगवून उघडतो. पॅराफेनिलीनडायमीन, म्हणजे 'पीपीडी', नावाचे बिनरंगी छोटे रेणू आत शिरतात. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन त्यांना आतल्या आत एकमेकांशी जोडतो. जोडलेला मोठा रेणू रंगीत होतो आणि आकाराने मोठा झाल्यामुळे गाभ्यात अडकून बसतो. दरवाजातून सुटे लाकूड आत नेऊन खोलीतच पलंग बनवला तर तो पुन्हा बाहेर काढता येत नाही, तसेच हे. पॅरिसमध्ये युजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये या जातीचा कलप बनवला आणि पुढे त्यातून जगातला एक मोठा व्यवसाय उभा राहिला. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी मूळ रसायन फारसे बदललेले नाही.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून चार-सहा आठवड्यांनी मुळाशी पांढरी रेघ दिसते. तेव्हा फक्त मुळांना रंग लावणे पुरेसे असते. दर वेळी टोकापर्यंत थापल्याने केस कोरडे व ठिसूळ होतात.

आकड्यांचा अर्थ

रंगाच्या ट्यूबवर ४, ५.३ असे आकडे असतात. पहिला आकडा केस किती गडद ते सांगतो. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपले केस बहुधा १ ते ३ मध्ये बसतात. टिंबानंतरचा आकडा म्हणजे छटा, सोनेरी, तांबूस किंवा राखाडी. ही छटा कंपनीगणिक थोडी बदलते, म्हणून तक्ता पाहिल्याशिवाय ठरवू नये.

दुसऱ्या बाटलीत पातळ क्रीम असते, त्याला 'डेव्हलपर' म्हणतात. ते म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यावर १०, २०, ३०, ४० 'व्हॉल्यूम' असे लिहिलेले असते. २० व्हॉल्यूम म्हणजे एका मापातून वीस मापे ऑक्सिजन वायू सुटतो. टक्केवारीत सांगायचे तर १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. पांढरे केस झाकायला २० पुरेसे असते. ३० आणि ४० हे केस उजळवण्यासाठी. आकडा जितका मोठा तितका रंग चांगला बसतो, ही समजूत चुकीची आहे. ४० व्हॉल्यूम टाळूला लागू देऊच नये, त्याने कातडी भाजते.

ब्लीच म्हणजे काय?

'काळ्या केसांवर सोनेरी रंग लावला, पण दिसलाच नाही' ही तक्रार सलूनवाल्यांना नेहमी ऐकावी लागते. काळ्या पाटीवर पिवळ्या खडूचे पाणी ओतल्यासारखे ते होते. आधी काळा रंग काढावा लागतो. ते काम ब्लीच करते. ब्लीचची निळी-पांढरी पावडर म्हणजे परसल्फेट क्षार. ती डेव्हलपरमध्ये कालवली की मिश्रण मेलॅनिन तोडू लागते. काळा-तपकिरी मेलॅनिन आधी तुटतो, तांबूस-पिवळा चिवट असतो. म्हणून केस काळ्यावरून तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा होतो. कसबी कारागीर तिथेच थांबतो. त्यापुढे गेले की केस रबरासारखे ताणले जातात आणि तुटतात.

उरलेला पिवळेपणा घालवण्यासाठी 'टोनर' लावतात. जांभळी छटा पिवळ्याला आणि निळी छटा नारिंगीला मारते. पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो त्यामागचे तत्त्व हेच.

हायलाइट म्हणजे निवडक बटा उजळवणे. बट वेगळी करून चांदीच्या कागदात गुंडाळतात, त्यामुळे रसायन शेजारच्या केसांना व टाळूला लागत नाही. सगळे केस एकाच रंगात रंगवणे याला 'ग्लोबल' म्हणतात. 'बालायाज' हा फ्रेंच शब्द, अर्थ झाडल्यासारखा हात फिरवणे. त्यात ब्रशने मोकळ्या हाताने केसांच्या लांबीवर फिके पट्टे ओढतात. डॉक्टर म्हणून माझी पसंती विचाराल, तर जे तंत्र टाळूपासून दूर राहते ते अधिक सुरक्षित. केस मेलेला असतो, त्याला इजा झाली तरी नवा उगवतो. कातडी जिवंत आहे आणि ती एकदा रुसली की सहसा जन्मभर रुसते.

"दहा वर्षं तीच पुडी लावतोय"

माझ्याकडे एक शिक्षक आले होते. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेली. डोक्याला आणि मिशीला दर पंधरा दिवसांनी कलप. वरचा ओठ सुजून त्यावर फोड आलेले. मी कारण सांगितले तर ते ऐकेनात. "डॉक्टरसाहेब, दहा वर्षं तीच पुडी लावतोय. कंपनी तीच, दुकान तेच. आजच कसं काय झालं?"

मी म्हटले, "गुरुजी, दहा वर्षं काही झालं नाही म्हणूनच आज झालं."

हेच नेमके समजून घ्यायचे आहे. वावडे जन्मतः नसते, ते घडते. पीपीडीचा संपर्क वारंवार आला की एखाद्या माणसाच्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकणे कधी दुसऱ्या वापरात घडते, कधी विसाव्या वर्षी. एकदा शिकल्यावर मात्र ती सहसा विसरत नाही. पुढच्या प्रत्येक वेळी त्रास अधिक लवकर आणि अधिक तीव्र होण्याचा धोका असतो.

त्रास लगेच होत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी होतो, म्हणून लोकांना कलपाची आठवणच राहत नाही. दुसरी फसगत अशी की टाळूची कातडी जाड असते, तिथे कधी नुसती खाज सुटते. खरी सूज पापण्या, कान, कपाळाची कड आणि मान या नाजूक जागी येते. कित्येक जण त्याला कोंडा किंवा गजकर्ण समजून महिनोन् महिने मलमे चोळत राहतात आणि कलपही लावत राहतात.

गुरुजींनी कलप सोडला. पांढऱ्या मिशीने ते अधिक रुबाबदार दिसतात, असे मी त्यांना सांगितले. ते खोटे नव्हते.

'काळी मेंदी' नावाची फसवणूक

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंगद्रव्य पदार्थ असतो. त्याचा रंग नारिंगी-तांबडा. लोखंडी कढईत भिजवली, चहाचे पाणी किंवा आवळा घातला तर तो गडद होतो, पण निव्वळ मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. मेंदीनंतर नीळ वनस्पतीच्या पानांची भुकटी लावून काळ्याच्या जवळ जाता येते, मात्र त्याला वेळ आणि चिकाटी लागते.

मग अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी 'काळी मेंदी' कशाने काळी होते? बहुतेक वेळा पीपीडीने. पाकिटावर पानांचे चित्र असते, 'हर्बल' असे ठळक लिहिलेले असते आणि घटकांच्या बारीक अक्षरांत हे नाव दडलेले असते. ज्यांना कलपाचे वावडे आहे असे कळल्यावर "आता नैसर्गिक लावतो" म्हणून काळी मेंदी आणतात, ते आगीतून फुफाट्यात पडतात. जत्रेत किंवा समुद्रकिनारी लहान मुलांच्या हातावर काढले जाणारे काळे टॅटूही याच रसायनाचे असू शकतात. आठ वर्षांच्या मुलीला तिथे वावडे जडले तर पुढे तिला आयुष्यभर कलप वर्ज्य. मुलांना ते काढून देऊ नका.

'अमोनियाविरहित' या शब्दानेही भुलू नये. अमोनिया नाही म्हणजे उग्र वास नाही, एवढेच. त्याच्या जागी दुसरा अल्कली असतो आणि पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद आत असू शकतो.

चाचणी कशी करावी?

आपल्या देशातल्या नियमांनुसार पीपीडीसारखे रंग असलेल्या कलपावर सावधगिरीची सूचना छापावी लागते आणि आत चाचणीची कृती द्यावी लागते. ती कागदाची घडी आपण न वाचता फेकतो. कृती सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतली रुपयाएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करावी. लावायचा तोच कलप, ज्या प्रमाणात कालवायचा त्याच प्रमाणात थोडासा कालवून तिथे लावावा आणि वाळू द्यावा. पाकिटावर सहसा चोवीस तास थांबायला सांगतात. माझा सल्ला अठ्ठेचाळीस तासांचा, कारण प्रतिक्रिया उशिराही येते. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसले तर तो कलप नको. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते, कारण वावडे मध्येच कधीही जडते. मात्र पूर्वी एकदा तोंड सुजले असेल तर घरी चाचणीसुद्धा करू नये, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

लग्नासाठी केस रंगवायचे असतील तर आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी रंगवा. मुलीच्या हळदीच्या दिवशी वरमाईचे डोळे सुजून बंद झालेले मी पाहिले आहेत. त्या घराची तारांबळ शब्दांत सांगता येणार नाही.

भुवया आणि पापण्यांना कलप कधीही लावू नका. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवण्याचे 'लॅश ल्यूर' नावाचे एक प्रसाधन निघाले होते. त्यात पीपीडीच होते. त्याने स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा मृत्यूही झाला. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी नियंत्रण आणणारा १९३८ चा तिथला कायदा होण्यामागे हे एक कारण होते.

त्रास झालाच तर

कलप लावल्यावर आग किंवा खाज सुरू झाली तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता कोमट पाण्याने व सौम्य शांपूने डोके पुन्हा पुन्हा धुवावे. लिंबू, टूथपेस्ट, हळद यांतले काहीही लावू नये. कुणाकडून मागून आणलेले मलमही चोळू नये. डॉक्टर गोळ्या देतील त्या सांगितलेल्या दिवसांपुरत्याच घ्याव्यात. श्वास लागणे, आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काही झाले तर तातडीने १०८ ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

वावडे असलेल्यांनी आणखी एक करावे. ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. भूल देणारी काही औषधे, उदाहरणार्थ बेंझोकेन, आणि कपड्यांचे काही रंग यांचे या रसायनाशी नाते आहे. दातांच्या किंवा इतर डॉक्टरांना हे आधी सांगितलेले बरे.

कारागिरांचे हात

ग्राहक महिन्यातून एकदा कलप लावतो. सलूनमधला कारागीर दिवसातून दहा वेळा. त्याच्या तब्येतीचा विचार कुणीच करत नाही.

बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे खोकला आणि दमा घेऊन येत असे. छातीचा फोटो स्वच्छ होता. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडा काळ्या. मी विचारले, "सोमवारी कसं वाटतं?" सोमवारी त्याचे दुकान बंद असते. तो म्हणाला, "सोमवारी बरा असतो काका. मंगळवारी संध्याकाळी परत सुरू." सुटीच्या दिवशी बरे वाटणे ही कामामुळे होणाऱ्या आजाराची मोठी खूण आहे. ब्लीचच्या पावडरीची धूळ त्याच्या श्वासनलिकेला सोसत नव्हती, कलप बोटांना सोसत नव्हता. त्याच्यासाठी हा प्रश्न खाजेचा नव्हता, पोटापाण्याचा होता. तीन वर्षे उमेदवारी करून तो हा धंदा शिकला होता.

त्याला धंदा सोडावा लागला नाही. पावडर पंख्याखाली न ओतता उघड्या खिडकीजवळ हळूच कालवणे, धूळ न उडणारे ब्लीच आणणे, प्रत्येक ग्राहकाला नवे नायट्राइलचे हातमोजे वापरणे आणि ते डोके धुतानाही न काढणे, एवढे बदल केले. आता तो कापणे आणि दाढी जास्त करतो, ब्लीच दुसरा सोबती करतो. सलूनमालकांनो, हातमोज्यांचा खोका हा खर्च नव्हे. मुलाच्या उपचारापेक्षा तो फार स्वस्त आहे.

कर्करोग आणि गरोदरपण

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सलूनमध्ये वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा व्यवसाय 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. तेव्हा ग्राहकांनी घाबरून जाऊ नये आणि कारागिरांनी बेफिकीर राहू नये. गरोदर स्त्रियांनी निदान पहिले तीन महिने कलप टाळावा, असा माझा सल्ला असतो. पुढेही लावायचाच असेल तर टाळूला न लावता, हवेशीर जागी.

पुडी पोटात गेली तर

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. दहा-वीस रुपयांची कलपाची पुडी पोटात गेली तर ते भयंकर विष आहे. काही तासांत चेहरा, जीभ व मान सुजून श्वास कोंडतो. पुढे स्नायू विरघळू लागतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. यावर उतारा म्हणून एकच असे औषध नाही, मात्र वेळेवर श्वासमार्ग मोकळा केला आणि मूत्रपिंडे सांभाळली तर माणूस वाचतो. म्हणून घरी उलटी करवत बसू नका, मीठ-पाणी पाजू नका. पाकीट सोबत घेऊन सरळ मोठे रुग्णालय गाठा. माणूस बोलत-चालत असला तरी थांबू नका, सूज नंतर येते. कलप नेहमी कुलपात ठेवा, मुलांपासून आणि घरात कुणी मनाने खचलेले असेल तर त्यांच्यापासूनही दूर. अशा माणसाशी बोला. १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर मदत विनामूल्य मिळते.

कलप लावणाऱ्यांसाठी थोडक्यात

१. प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीस तास आधी चाचणी.
२. टाळूवर जखम, पुरळ किंवा खरूज असेल तर कलप नको.
३. कपाळाच्या कडेला व कानांना आधी व्हॅसलिन लावावे. लगेच आधी डोके घासून धुऊ नये, टाळूचे नैसर्गिक तेल राहू द्यावे.
४. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे, धातूचे नको. हातात हातमोजे.
५. पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये.
६. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, वायू साचून बाटली फुटते.
७. काळी मेंदी किंवा अनोळखी कलप लावलेल्या केसांवर लगेच ब्लीच नको. त्यात धातूचे क्षार असतील तर केस तापून तुटतात. आधी एका बटेवर करून पाहावे.
८. सुटा, बिननावाचा, घटक न छापलेला कलप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

केस काळे ठेवावेत की पांढरे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे आणि त्यात डॉक्टरने पडू नये. पण ठेवायचेच असतील काळे, तर पाकिटातली ती घडी आधी उलगडून वाचावी. अक्षर बारीक असेल तर चष्मा लावून, नाहीतर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावी.